चाकांवरच्या बिऱ्हाडाचा चार्ज कंट्रोलर

फिरत्या बिऱ्हाडासाठी सोलरची प्लेट आणि बॅटरी यांची तजवीज झाल्यावर, त्या दोहोंच्या मधे बसावयाचा चार्ज कंट्रोलर घेण्याकरिता जो कोणी लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या एखाद्या इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानाची पायरी चढतो, तो बहुधा पहिला आणि शेवटचा प्रश्न एकच विचारतो : किती अँपिअरचा? दुकानदारही या प्रश्नाला सरावलेला असल्यामुळे दहाचा, वीसचा, तीसचा आणि साठचा असे भाव ओळीने सांगून मोकळा होतो, आणि सौदा चहा येण्याच्या आत आटोपतो. या व्यवहारात कोणी कोणाला फसवीत असतो असे नाही. परंतु ज्या आकड्यातील चूक चांगल्या यंत्रात क्षम्य असते तो आकडा अगत्याने विचारला जावा, आणि ज्या आकड्यातील चूक तेच यंत्र एका पहाटेत निकामी करू शकते त्या व्होल्टच्या आकड्याचा उच्चारही होऊ नये, ही विपरीतता या सबंध प्रश्नाच्या मुळाशी आहे असे माझे मत आहे.

फिरते बिऱ्हाड म्हटले की हल्ली पलंग, शेगडी आणि लहानसा फ्रीज असलेली परदेशी धर्तीची गाडी डोळ्यांसमोर येते, आणि महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून या हौसेला सरकारी मान्यतेचा आधारही मिळाला आहे. परंतु निफाड तालुक्याला असले बिऱ्हाड काही नवे नाही. पिके निघून रान मोकळे झाले की मेंढरे बसविण्यासाठी येणारे धनगरांचे वाडे, ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या, ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून पंढरीस निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीमागून चालणारे सामानाचे ट्रक, ही सगळी विंचवाच्या पाठीवरचीच बिऱ्हाडे. आणि यांतील कित्येकांच्या सामानसुमानात आता मोबाईल व दिवा यांच्यापुरती एक लहानशी प्लेट बांधलेली असते. हौसेने नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी पाहावयास आपली गाडी घेऊन येणारा मुंबईकर गृहस्थ आणि वाड्यावरचा मेंढपाळ यांच्या गरजांत महदंतर आहे, हे खरे. तथापि प्लेट, कंट्रोलर आणि बॅटरी या त्रयीचे नियम दोघांना सारखेच लागू पडतात, आणि चुकीचा दंडही सारखाच बसतो.

कंट्रोलरचे मूळ कर्तव्य अगदी साधे आहे. बॅटरी भरत आली की प्लेटेकडून येणारा प्रवाह आवरावयाचा, आणि रात्री बॅटरीतील वीज उलट्या दिशेने प्लेटेकडे वाहू द्यावयाची नाही. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने 1977 साली देशातील पहिला सौरघट तयार केल्यानंतर, आणि विशेषतः 1985 साली स्थापन झालेल्या महाऊर्जेसारख्या संस्थांच्या अनुदानांतून सौरकंदील व रस्त्यावरचे दिवे खेडोपाडी पोहोचल्यानंतर, हे यंत्र आपल्या नकळत आपल्या ओळखीचे झाले. ग्रामपंचायतीच्या सौरदिव्याच्या खांबावर जी पेटी दिसते तिच्या पोटात बॅटरीशेजारी तेच बसलेले असते. आणि खांब उभा, प्लेट शाबूत, पण दिवा मात्र दोन पावसाळ्यांतच विझलेला, असे जे दृश्य गावोगावी दिसते, त्याचे खापर बहुधा त्या पेटीतील बॅटरीवरच फुटते, जरी ती बॅटरी उपाशी किंवा अजीर्णाने मारण्याचे काम कंट्रोलरने केलेले असणे अगदी शक्य असते.

बाजारात या यंत्राच्या दोन जाती आहेत : पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी. पहिली जात प्लेट आणि बॅटरी यांना थेट जोडते आणि बॅटरी भरत आली की ही जोडणी सेकंदाला अनेकवार तोडून-जोडून प्रवाह बेताचा ठेवते. या थेट जोडणीचा परिणाम असा की, प्लेटेचे व्होल्टेज काहीही असो, ते बॅटरीच्या पातळीवर ओढले जाते. शंभर वॅटची 36 घटांची प्लेट घ्या. तिची सर्वोत्तम कामगिरी सुमारे 18 व्होल्ट आणि 5.5 अँपिअर या बिंदूवर असते. तेरा व्होल्टच्या बॅटरीला ती थेट जोडली की अँपिअर तेवढेच राहतात, व्होल्ट तेरावर येतात, आणि हाती 72 वॅट पडतात. एमपीपीटी जातीचे यंत्र प्लेटेला तिच्या अठरा व्होल्टवर राहू देते आणि ती शक्ती बॅटरीच्या व्होल्टेजला अनुरूप करून अधिक अँपिअरच्या रूपाने पुढे पाठविते. पूर्वीचे सराफ मोठे नाणे घेऊन, थोडा बट्टा कापून, त्याची चिल्लर देत, तसलाच हा व्यवहार. हा बट्टा चांगल्या यंत्रात शेकडा पाचांच्या आतबाहेर असतो, आणि तो वजा जाताही तेरा व्होल्टला सात अँपिअरहून थोडे अधिक पदरात पडतात.

येथपर्यंतचा मजकूर कोणत्याही माहितीपत्रकात मिळतो, आणि त्यावरून एमपीपीटी सदैव श्रेष्ठ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे होतात. प्रत्यक्षात हा लाभ ऋतुमानावर कमालीचा अवलंबून आहे. प्लेटेवरचे आकडे 25 अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्यात लासलगावी हवेचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गाडीच्या टपावर पत्र्यालगत बसविलेल्या प्लेटेचे घट पासष्ट-सत्तर अंशांपर्यंत तापतात, आणि दर अंशाला शेकडा 0.4 या मानाने घसरत अठरा व्होल्टचे पंधराच उरतात. शिसे-आम्लाची बॅटरी दुपारी 14.4 व्होल्टवर भरत असेल आणि वायरीत अर्धा व्होल्ट खर्ची पडत असेल, तर बदलून द्यावयास काहीच शिल्लक राहत नाही, आणि महागडे यंत्र स्वस्त यंत्राइतकेच काम करते. उलट पौषातल्या सकाळी, रात्रभर वापरून बॅटरी 12.6 वर आलेली आणि प्लेट गार असताना, तेच महागडे यंत्र तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जास्तीचा प्रवाह देते. म्हणून शंभर वॅटची एकच प्लेट, दोन दिवे, एक लहान पंखा आणि मोबाईल एवढाच ज्याचा संसार आहे, त्याने काही शे रुपयांचा चांगला पीडब्ल्यूएम घ्यावा आणि उरलेल्या पैशांत आणखी एक प्लेट घ्यावी, हे सांगण्यास मला कोणताही संकोच वाटत नाही. वाड्यावरच्या मेंढपाळाला एमपीपीटी विकणारा इसम फार तर चतुर व्यापारी म्हणता येईल.

मात्र या शिफारशीला एक मोठा अपवाद आहे, आणि आपल्या भागात तो अपवादच नियम होत चालला आहे. 36 घटांच्या, म्हणजे ज्यांना 'बारा व्होल्टच्या' म्हणतात त्या प्लेटा वॅटमागे महाग पडतात. याउलट घरांच्या छपरांसाठी आणि शेतीपंपांसाठी निघणाऱ्या मोठ्या प्लेटा मुबलक व वॅटमागे स्वस्त असल्यामुळे, गाडीच्या टपावरही त्याच चढविण्याचा मोह होतो. 144 अर्धघटांची 540 वॅटची प्लेट सुमारे 41 व्होल्ट आणि 13 अँपिअरवर उत्तम चालते. ती पीडब्ल्यूएमवरून बारा व्होल्टच्या बॅटरीला जोडली, तर तेच तेरा अँपिअर तेरा व्होल्टला, म्हणजे 169 वॅट, हाती येतात. बाकीचे दोन तृतीयांशाहून अधिक धन टपावरच तापून जाते. यातही सगळेच पीडब्ल्यूएम एवढे व्होल्टेज सोसतात असे नाही. बाजारातील पुष्कळशांची मर्यादा प्लेटेच्या बाजूला पंचवीस किंवा पन्नास व्होल्टच असते. तेव्हा मोठी प्लेट घेतली की एमपीपीटीवाचून गत्यंतर नाही, हे निर्विवाद आहे. पण खरा धोका एमपीपीटी घेतल्यानंतरच सुरू होतो.

चांगल्या एमपीपीटी कंट्रोलरवर दोन आकडे छापलेले असतात. नेदरलँड्समधील व्हिक्ट्रॉन कंपनीच्या यंत्रांवर ते 75/15, 100/30, 100/50, 150/35 असे नावातच येतात : पहिला आकडा प्लेटेच्या बाजूने सोसावयाच्या कमाल व्होल्टेजचा, दुसरा बॅटरीच्या बाजूने देता येणाऱ्या कमाल अँपिअरचा. आता अशी कल्पना करा की, एका मोठ्या गाडीच्या टपावर 540 वॅटच्या दोन प्लेटा आहेत आणि आत चोवीस व्होल्टची बॅटरी आहे. एकूण 1080 वॅट, चोवीस व्होल्टला चाळीस-बेचाळीस अँपिअर. म्हणजे 100/50 हे यंत्र अँपिअरच्या कसोटीला ऐसपैस उतरते. प्रत्येक प्लेटेच्या मागील पत्रकावर 'उघडे व्होल्टेज', म्हणजे प्लेटेवर काहीच भार नसतानाचे व्होल्टेज, 49.5 असे लिहिलेले आहे. दोन प्लेटा ओळीने एकीमागे एक जोडल्या की 99. शंभराच्या आत एक व्होल्ट राखून हिशेब जुळला, असे मानून कारागीर पाने-पकडी गोळा करतो, आणि मे महिन्यात, जूनमध्ये, दिवाळीपर्यंतही सारे सुरळीत चालते.

परंतु लासलगाव ज्या तालुक्यात आहे त्या निफाडची ख्याती केवळ द्राक्षांची आणि कांद्याची नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदले जाणारे तेथील किमान तापमान दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांचा विषय होते. ते पाच अंशांखाली उतरणे ही काही अपूर्वाई नव्हे, आणि दोन अंशांच्या आसपास गेल्याच्याही नोंदी आहेत. गारठ्याने सौरघटाचे उघडे व्होल्टेज वाढते, दर अंशाला सुमारे शेकडा 0.3 या मानाने. पंचवीसावरून दोन अंशांवर आले म्हणजे तेवीस अंशांचा फरक, त्याचे जवळजवळ सात टक्के. 99 चे 106 होतात. रात्रभर उघड्या आकाशाखाली गारठलेल्या प्लेटेवर कोवळे ऊन पडते, त्या वेळी प्रवाह अद्याप नगण्य असला तरी व्होल्टेज मात्र भराभर आपल्या शिखराजवळ पोहोचते, कारण प्रकाश कमी असल्याचा फटका मुख्यतः अँपिअरला बसतो. यंत्र अजून पुरते जागे झालेले नसते, म्हणजे प्लेटेवर भार नसतो, आणि शंभराची मर्यादा असलेल्या त्याच्या अंतर्भागावर ते सगळे व्होल्टेज येऊन आदळते. आतील अर्धवाहक फुटला की दुरुस्ती बहुधा होत नाही, आणि हमीपत्रात हे कारण नेमके वगळलेले असते. द्राक्षबागाईतदार शेकोट्या पेटवून ज्या पहाटेची धास्ती घेतात, तीच पहाट कंट्रोलरचीही कसोटी पाहते.

या संकटावर उपाय फुकटचा आहे, हे अधिक वाईट वाटण्याचे कारण. त्याच दोन प्लेटा ओळीने न जोडता समांतर जोडल्या असत्या, तर व्होल्टेज 49.5 वर, निफाडच्या पहाटेसही 53 च्या घरात राहिले असते, आणि भर उन्हाळ्यात ते पस्तिसांच्या आसपास उतरले तरी चोवीस व्होल्टची बॅटरी भरण्यास पुरून उरले असते. निव्वळ वायरींची अदलाबदल! ज्यांना काही कारणाने ओळीनेच जोडावयाचे आहे त्यांनी 150 व्होल्टच्या मर्यादेचे यंत्र घ्यावे. लहान गाडीवर 36 घटांच्या दोन प्लेटा ओळीने जोडल्या तर 45 च्या जवळपास व्होल्टेज होते आणि 75 च्या मर्यादेचे यंत्र निर्धास्त चालते. तीन जोडल्या तर थंडीत ते बहात्तरापर्यंत पोहोचते, आणि तेवढ्या निसटत्या फरकावर मी तरी माझे पैसे लावणार नाही.

अँपिअरची गोष्ट निराळी. पाचशे वॅटच्या प्लेटेला बारा व्होल्टच्या बॅटरीवर तीस अँपिअरचा खरा एमपीपीटी जोडला, तर प्लेट भर दुपारी अडतीस-एकोणचाळीस अँपिअर देऊ शकत असताही यंत्र तीसच घेते आणि वरचे सोडून देते. त्यात यंत्राचे काही बिघडत नाही. तोटा होतो तो स्वच्छ दिवसातल्या मधल्या काही तासांचा, आणि ढगाळ दिवशी तोही नाही. पावसाळ्यात गाडी चालविणाऱ्याने तर प्लेट जाणूनबुजून जास्त आणि कंट्रोलर थोडा कमी अँपिअरचा ठेवावा, यात शहाणपणच आहे. ही सवलत पीडब्ल्यूएमला नाही. तेथे प्लेटेचा सर्व प्रवाह यंत्रातून जातोच, म्हणून त्याचे अँपिअर प्लेटेच्या कमाल प्रवाहाच्या सव्वापट असलेच पाहिजेत.

खरा एमपीपीटी हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण बाजारात नावापुरते एमपीपीटी पुष्कळ आहेत. बाहेरच्या डब्यावर ठळक अक्षरांत एमपीपीटी छापलेले, आत मात्र साधे पीडब्ल्यूएम. हाती घेताच ते हलके लागते, कारण व्होल्टेज बदलून देण्यासाठी तांब्याच्या तारेचे जे जाड वेटोळे लागते ते आत नसतेच. निर्णायक परीक्षा मात्र डीसी क्लॅम्प मीटरची. स्वच्छ सकाळी, बॅटरी अर्धी रिकामी असताना, प्लेटेकडून येणाऱ्या वायरीभोवती मीटरचा चिमटा लावून आकडा वाचावा, आणि लगेच तोच चिमटा बॅटरीकडे जाणाऱ्या वायरीभोवती लावावा. पहिला 5.2 आणि दुसराही 5.2 आला, तर डब्यावर काहीही छापलेले असो, ते यंत्र पीडब्ल्यूएम आहे. खऱ्या यंत्रात बॅटरीकडचा आकडा स्पष्टपणे मोठा येतो. ही परीक्षा घेऊ न देणाऱ्या दुकानातून हजारो रुपयांची वस्तू घेण्याचे कारण मला दिसत नाही.

बॅटरीची जात हा या निवडीतला दुसरा निर्णायक मुद्दा. घरच्या इन्व्हर्टरची पाण्याची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत चढविणारे लोक आहेत. खड्ड्यांच्या रस्त्यावर आम्ल हिंदकळणे आणि बंद गाडीत चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू साचणे, ही दोन कारणे त्या विचारापासून परावृत्त होण्यास पुरेशी आहेत. शिसे-आम्लाच्या बॅटरीला तापमानानुसार व्होल्टेज बदलून लागते : उन्हाळ्यात चाळीस अंशांवर 14.4 ऐवजी 14 च्या आसपास थांबणे तिला मानवते, म्हणून तिच्यासाठी बॅटरीला चिकटवावयाचा तापमापक ज्याच्याबरोबर येतो तोच कंट्रोलर घ्यावा. लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटरीचे शास्त्र अगदी उलट आहे. तिला 14.2 ते 14.4 पुरते, तापमानाची दुरुस्ती नको, आणि पंधरा व्होल्टपर्यंत चढविणारे 'इक्वलायझेशन' तर मुळीच नको. जुन्या कंट्रोलरात ते ठरावीक दिवसांनी आपोआप चालू होते आणि बंद करण्याची सोय नसते. शिवाय तिच्या पोटातील संरक्षक मंडल अतिव्होल्टेज दिसताच बॅटरी अचानक तोडून टाकते, आणि त्या क्षणी कंट्रोलरसमोर बॅटरी नसून केवळ प्लेट उरते. स्वस्त यंत्रे अशा वेळी प्लेटेचे व्होल्टेज थेट दिवे-पंख्यांच्या अंगावर सोडतात. म्हणून लिथियम घ्यावयाचे ठरले असेल तर बॅटरीचे व्होल्टेज हाताने ठरविता येते असाच कंट्रोलर घ्यावा, मग तो एतद्देशीय असो वा परदेशी.

गाडीमुळे उद्भवणाऱ्या काही बाबी घराच्या छपरावर कधी उद्भवत नाहीत. गाडीचा सगळा सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. पुष्कळ स्वस्त पीडब्ल्यूएम यंत्रांची आतील रचना मात्र धन टोक समाईक धरून केलेली असते आणि तोडजोड ऋण बाजूने होते. दिव्याची ऋण वायर कारागिराने सवयीने सांगाड्याला जोडली की कंट्रोलरचा त्या दिव्यावरचा अंमल संपतो, आणि बॅटरी तळाला गेली तरी दिवा जळतच राहतो. कंट्रोलरच्या 'लोड' टोकांवर इन्व्हर्टर जोडणे हेही तसेच घातक; इन्व्हर्टर चालू होताना जो प्रवाह ओढतो तो त्या टोकांच्या कुवतीबाहेरचा असतो, त्याची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीकडेच गेली पाहिजे. जोडताना आधी बॅटरी आणि मग प्लेट, सोडविताना आधी प्लेट, हा क्रम तर भिंतीवर लिहून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे. यंत्र बॅटरीच्या जवळ असावे पण तिच्या डोक्यावर नसावे, आणि उभे असावे, म्हणजे त्याच्या पंखांतून हवा वर चढते. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पलंगाखालच्या पेटीत कोंडलेला कंट्रोलर तापून स्वतःच आपला प्रवाह कमी करतो, आणि मालक बापडा प्लेटेला दोष देत बसतो.

वायरीच्या जाडीबद्दल बोलावयाचे तर, चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून पाच मीटर अंतरावर वीस अँपिअर नेले की जाता-येता जवळजवळ एक व्होल्ट खर्ची पडतो, जो बारांतून वजा होताना फार मोठा असतो. तीच शक्ती चाळीस व्होल्टला सहा अँपिअरने नेली तर पाव व्होल्टच्या जरा वर जातो. प्लेटा ओळीने जोडण्याचा हा खरा लाभ. मात्र सावलीचा विचार याच्या विरुद्ध बाजूने येतो. नांदूर मध्यमेश्वरच्या परिसरात बाभळीच्या आडोशाने गाडी उभी करणाऱ्याच्या एका प्लेटेवर फांदीची सावली पडली, तर ओळीतल्या सगळ्याच प्लेटांचे उत्पन्न तिच्या मापाने घटू शकते. समांतर जोडणीत दुसरी प्लेट आपले काम करीत राहते. उघड्या माळावर राहणाऱ्याने ओळ आणि झाडाखाली राहणाऱ्याने समांतर, असे ढोबळमानाने म्हणता येईल. कांद्याच्या खळ्यालगत गाडी ठेवणाऱ्यास आणखी एक तसदी आहे : वाऱ्यावर उडणारी फोलपटे आणि धूळ प्लेटेवर बसते, ती झाडण्याची व्यवस्था टपावर चढल्यावाचून होईल असे पाहावे.

एका कुटुंबाच्या गाडीचा जमाखर्च मांडून पाहू. लहान कॉम्प्रेसरचा फ्रीज दिवसाला सुमारे 500 वॅट-तास, डीसी पंखा रात्रभर 250, दिवे आणि मोबाईल मिळून शंभर, एकूण 850. नाशिकच्या उन्हात, पावसाळा सोडून, पूर्ण तेजाचे पाच तास धरले आणि सर्व गळती वजा जाता सत्तर टक्के हाती लागतात असे मानले, तर 300 वॅटची प्लेट हजाराच्या वर देते. त्यासाठी 36 घटांच्या, दीडशे वॅटच्या दोन प्लेटा ओळीने, 75 किंवा 100 व्होल्ट मर्यादेचा वीस अँपिअरचा एमपीपीटी आणि 100 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी, अशी माझी शिफारस राहील. दोन-तीन अँपिअर दुपारी वाया गेले तर जाऊ द्यावेत.

पावसाळ्याचे गणित मात्र यात बसत नाही, आणि 2027 च्या सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरी गाडीतच मुक्काम करण्याचा ज्यांचा बेत असेल त्यांनी हे आधीच ध्यानात घेतलेले बरे, कारण पर्वणीची स्नाने ऐन पावसाळ्यात येतात. आकाश आठ-आठ दिवस भरलेले असताना तीच प्लेट निम्म्याहून कमी देते आणि एमपीपीटीची सगळी चतुराई त्या उणिवेपुढे फिकी पडते. अशा वेळी गाडीच्या अल्टरनेटरवरून, डीसी-टू-डीसी चार्जर मधे घालून, चालत्या गाडीत बॅटरी भरून घेण्याची सोय हवी. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडली तर ती एवढा प्रवाह ओढते की अल्टरनेटर जळण्याचे भय असते, आणि नव्या गाड्यांत तर त्याचे व्होल्टेज गाडीचा संगणक मनास येईल तसे वरखाली करीत असतो. काही कंपन्या सोलरचा एमपीपीटी आणि हा चार्जर एकाच पेटीत देतात. पैसा आणि जागा त्यामुळे वाचते खरी, पण त्या पेटीच्या प्लेटेकडच्या बाजूची व्होल्टची मर्यादा बहुधा स्वतंत्र कंट्रोलरपेक्षा बरीच कमी, कित्येकदा पंचवीस ते पन्नास व्होल्टच असते, आणि पंपाची मोठी प्लेट तिला जोडावयाची असेल तर आधी प्लेटेमागील पत्रक व मग पेटीवरचा आकडा, या क्रमाने दोन्ही वाचून घ्यावे लागतात.